कोशिंबिरीचं व्हर्जन कंट्रोल

मराठी ताटात सगळ्यात कमी चर्चा कुणाची होत असेल तर ती कोशिंबिरीची. भाजी तिखट झाली तर बोलणी बसतात, आमटी जमून आली तर कौतुक होतं, पोळ्या तर रोजच तपासल्या जातात. कोशिंबीर बिचारी डाव्या बाजूला, चटणी आणि लिंबाच्या शेजारी गुपचूप बसलेली असते.

तिची आठवण होते ती वादात. ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये कुणीतरी डब्यात सॅलड आणतो. लेट्यूस, ऑलिव्ह ऑइल वगैरे मंडळी. लगेच टेबलावरून एक आवाज येतो, "ही परदेशी फॅडं कशाला? आपली कोशिंबीर काय वाईट आहे? अस्सल, शुद्ध, हजारो वर्षांची!" मग कीटो विरुद्ध आजी असा सामना रंगतो आणि स्टँडअपची वेळ होईपर्यंत चालतो.

कोशिंबीर वाईट नाही हे मला शंभर टक्के मान्य. पण 'हजारो वर्षांची' असं कुणी म्हटलं की आपल्या जमातीचा हात आपोआप हिस्टरी बघायला जातो. कोड कुणाचा यावर भांडण्यापेक्षा लॉग उघडावा, कुठली ओळ कुणी कधी टाकली ते बघावं. तर या शनिवारी कोशिंबिरीचा लॉग.

नमुना म्हणून हिवाळ्यातली साधी कोबी-गाजराची कोशिंबीर घेऊ. निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या पेपरात यायला लागल्या की मंडईत ज्या भाज्या स्वस्त आणि कोवळ्या मिळतात, त्यांची. साहित्य: बारीक चिरलेला कोबी, किसलेलं गाजर, एखादा टोमॅटो, हिरवी मिरची, दाण्याचं कूट, कोथिंबीर, लिंबू, मीठ, चिमूटभर साखर. वरून तेलात मोहरी, जिरं, हिंग आणि हळदीची चरचरीत फोडणी. अट एकच, कोबी दाताखाली करकर वाजला पाहिजे.

आता घड्याळ १४९७ सालापर्यंत मागे फिरवू. का? कारण १४९३ मध्ये कोलंबस अमेरिकेहून परत आला होता, मे १४९८ मध्ये वास्को द गामाची जहाजं कालिकतला लागली आणि १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला. म्हणजे १४९७ हे 'त्या' रिलीजच्या आधीचं शेवटचं व्हर्जन.

काय काय उडालं बघा. मिरची गेली, ती अमेरिकेची. टोमॅटो गेला, तोही तिकडचाच. दाण्याचं कूट गेलं, भुईमूग दक्षिण अमेरिकेचा. कोबी गेला, गड्डा धरणारा कोबी ही युरोपातली भाजी. केशरी गाजर गेलं, ते अजून युरोपातही रुळायचं होतं. (लाल-जांभळ्या गाजराबद्दल पुढे बोलू.)

उरलं काय? कोथिंबीर, लिंबू, मीठ, साखर, मोहरी, जिरं, हिंग, हळद, तेल. म्हणजे भाजीचं भांडं जवळपास रिकामं आणि फोडणीचं कढलं मात्र भरलेलं!

हे बघून मी थोडा वेळ थांबलो. आपण ज्याला मुख्य पदार्थ समजतो तो सगळा बदलला आणि ज्याला 'वरून घालायचं' समजतो ते जसंच्या तसं टिकलं. आणि हे पदार्थाच्या नावातही दिसतं. कोथिंबीर या शब्दाचं मूळ संस्कृतातल्या 'कुस्तुंबुरु' या शब्दात आहे. तो इतका जुना की पाणिनीने सहाव्या अध्यायात त्याच्यासाठी एक स्वतंत्र सूत्र खर्ची घातलंय, हे एका वनस्पतीचं नाव आहे असं सांगून. कोशिंबीर आणि कन्नडमधली कोसंबरी हे शब्दही याच घराण्यातले मानतात. म्हणजे पदार्थाला नाव मिळालं ते कोबीमुळे नाही, गाजरामुळे नाही, तर वरून भुरभुरवलेल्या हिरव्या पानांमुळे.

आता सॅलड या शब्दाकडे बघा. तो येतो लॅटिन 'साल' म्हणजे मीठ या शब्दापासून. सॅलड म्हणजे 'मीठ लावलेलं'. कॅन्टीनमधल्या दोन्ही पार्ट्यांचे पदार्थ एकाच नियमाने बारशाला बसले आहेत! कच्ची भाजी ऋतूप्रमाणे, बाजाराप्रमाणे बदलत राहणार, ती धरून नाव ठेवण्यात अर्थ नाही. नाव ठेवायचं ते तिला आपण काय लावतो त्यावरून. आपल्या भाषेत सांगायचं तर इंटरफेस कायम, इम्प्लिमेंटेशन बदललं तरी चालेल.

असो. आता एकेक आयटम.

गाजर. शेतात लावलेल्या गाजराच्या जुन्या नोंदी मध्य आशियातल्या, आजच्या अफगाणिस्तान-इराणच्या आसपासच्या, सुमारे हजार-अकराशे वर्षांपूर्वीच्या. तेव्हा ती जांभळी आणि पिवळी असत. केशरी गाजर ठळकपणे दिसायला लागतं ते सतराव्या शतकातल्या डच चित्रांत, बाजारातल्या टोपल्यांमध्ये. (हॉलंडच्या ऑरेंज राजघराण्याच्या सन्मानासाठी शेतकऱ्यांनी मुद्दाम केशरी गाजर बनवलं, अशी एक फॉरवर्ड फिरते. त्या काळातला पुरावा तिला नाही.) आपल्याकडे हिवाळ्यात उत्तरेकडून येणारं लालभडक गाजर, ज्याचा हलवा होतो, ते वेगळं. त्याचा लाल रंग लायकोपीनचा, म्हणजे टोमॅटोला लाल करणारं तेच द्रव्य. केशरी गाजराचा रंग बीटा-कॅरोटीनचा. स्वभावही वेगळे. लाल गाजर आपल्या मैदानी हवेत फुलतं, बी धरतं. युरोपियन गाजराला फुलायला चांगली कडक थंडी लागते, म्हणून त्याचं बी डोंगराळ भागात तयार करावं लागतं. दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेने देशी लाल आणि युरोपियन नँटीस यांचा संकर करून 'पुसा केसर' ही जात काढली. सरळ सरळ मर्ज!

कोबी. नावातच पासपोर्टचा शिक्का आहे. पोर्तुगीज 'कोव' म्हणजे कोबी. गोव्यात आसगावला जन्मलेले मोन्सिन्योर सेबास्तियाव रोदोल्फो दालगादो (१८५५-१९२२) यांनी आशियाई भाषांमधल्या पोर्तुगीज शब्दांचा मोठा कोश १९१३ मध्ये प्रसिद्ध केला. आपल्या बटाटा, काजू, अननस, पाव, चावी, पगार, घमेलं या शब्दांचं कूळ असंच तिकडे जातं. म्हणजे महिन्याच्या शेवटी आपण ज्याची वाट बघतो तोसुद्धा पोर्तुगीज :)

पण शब्द आला म्हणजे भाजी घराघरात पोचली असं नाही. कोबी, गाजर, बीट यांना इंग्रजी भाज्या म्हणत, आणि त्या सर्वसामान्यांच्या आधी इंग्रजांच्या छावण्या आणि थंड हवेची ठिकाणं यांच्या आश्रयाने वाढल्या. महाबळेश्वरची गोष्ट तर मजेदार आहे. तिथे १८३४ च्या सुमारास एक तुरुंग बांधला गेला, ज्यात मलाया-सिंगापूरकडून पाठवलेले चिनी आणि मलाय कैदी होते. हे कैदी तिथे बटाटे आणि इंग्रजी भाज्या पिकवत. १८६४ मध्ये तुरुंग बंद झाला. सह्याद्रीच्या डोक्यावर, इंग्रजांच्या जेवणासाठी, चिनी कैद्यांनी पिकवलेली भाजी. अस्सल आणि शुद्ध या शब्दांचं इथे काय करायचं ते तुम्हीच ठरवा.

भुईमूग. नाव बघा, भुईतला मूग. नवीन वस्तू आली की आपण जुन्याच वस्तूचं नाव थोडं वाकवून तिला देतो. बंगालीत शेंगदाण्याला चिनाबादाम म्हणतात, तमिळमध्ये मनिलाकोट्टै, म्हणजे मनिलाची बी. एकाच दाण्याच्या प्रवासाचे वेगवेगळे रूट! आणि आज दाण्याच्या कुटाशिवाय मराठी कोशिंबीर ओळखू येईल का? पाणी सुटलेल्या भाजीतलं पाणी शोषून घेणं आणि खमंगपणा देणं ही दोन्ही कामं हे कूट करतं.

मिरची. हा तर शब्दच मिरीवरून पाडलेला. संस्कृत 'मरीच' म्हणजे काळी मिरी. तिखटाची जागा मिरीची होती, मिरची आली आणि जागेसकट नावही घेऊन बसली. मग प्रश्न पडतो, त्याआधी कोशिंबीर तिखट कशाने होत असेल? मिरी, पिंपळी, आलं हे होतंच. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ११३० च्या आसपास 'मानसोल्लास' हा ग्रंथ केला. (यातच महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात अशी नोंद आहे.) त्यात अन्नभोग म्हणून खाण्यावर मोठा भाग आहे, आणि राजाचं एवढं साग्रसंगीत जेवण मिरचीच्या एका दाण्याशिवाय पार पडतं.

पण मला सगळ्यात आवडलेलं उत्तर वेगळं आहे आणि ते अजून काही स्वयंपाकघरांत जिवंत आहे: फेसलेली मोहरी. मोहरी बारीक वाटायची, थोडं गार पाणी घालून फेस येईपर्यंत फेटायची. थोड्या वेळाने वाटीवर नाक नेलं तर झणका थेट मेंदूत. रायतं या शब्दातली 'राय' म्हणजे ही राईच असं मानतात.

यामागचं यंत्र फार सुंदर आहे. मोहरीच्या दाण्यात सिनिग्रिन नावाचं द्रव्य आणि मायरोसिनेज नावाचं एन्झाइम वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवलेलं असतं. दाणा अख्खा आहे तोवर दोघांची भेट होत नाही, म्हणून अख्खी मोहरी चावली नाही तर तिखट लागत नाही. दाणा फुटला आणि पाणी मिळालं की दोघं एकत्र येतात आणि झणझणीत आयसोथायोसायनेट तयार होतं. वनस्पतीने किड्यांसाठी लावलेला हा सापळा. आता हीच मोहरी गरम तेलात टाका. आतल्या ओलाव्याची वाफ होऊन ती तडतडते, उष्णतेने एन्झाइम मरतं, झणका येतच नाही, उरतो तो खमंगपणा. म्हणजे एकच मोहरी, दोन फंक्शन. फेसली तर तिखट, फोडणीला टाकली तर खमंग. मिरची आल्यावर पहिल्या फंक्शनची गरज कमी होत गेली. लोणच्यात ते टिकलं, कोशिंबिरीत मात्र हळूहळू डेप्रिकेट झालं असं म्हणावं लागेल.

आता वादाच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. बाहेरून आलेल्या इतक्या गोष्टी आपल्या ताटात, तेही शिवाशिव पाळणाऱ्या ताटात, शिरल्या कशा?

माझी आजी श्राद्धाच्या स्वयंपाकात कोबी, फ्लॉवर, टोमॅटो, गाजर यांना प्रवेश देत नसे. कारण विचारलं तर "चालत नाही" एवढंच. तीच आजी एकादशीला साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, हिरवी मिरची, दाण्याचं कूट आणि तूप-जिऱ्याची फोडणी दिलेली काकडीची कोशिंबीर असा बेत करायची. बटाटा, मिरची, शेंगदाणा आणि साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो टॅपिओका, चारही अमेरिकेचे. त्या ताटातली खरी इथली म्हणावी अशी भाजी म्हणजे काकडी, तिचं मूळ हिमालयाच्या पायथ्याशी. मग श्राद्धाला गाजर अडतं आणि उपासाला बटाटा कसा सुटतो?

माझा अंदाज असा. श्राद्धाचा नियम व्हाइटलिस्ट आहे: ठरलेले पदार्थ चालतात, बाकीचं बाहेर. उपासाचा नियम ब्लॅकलिस्ट आहे: धान्य नको, कडधान्य नको, बाकी बघू. ब्लॅकलिस्ट लिहिली गेली तेव्हा बटाटा नावाची गोष्टच इथे नव्हती, त्यामुळे तिच्यात त्याचं नाव नाही, त्यामुळे तो आत. ज्यांनी कुणी फायरवॉल कॉन्फिगर केली आहे त्यांना हे लगेच कळेल :) आणि गाजराची केस तर अजून गुंतागुंतीची. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात लसूण, कांदा यांच्याबरोबर 'गृंजन' वर्ज्य सांगितलंय. गृंजन म्हणजे गाजर की कांद्या-लसणाचाच एखादा भाऊबंद, यावर टीकाकारांचं एकमत नाही. म्हणजे एखादं गाजर कदाचित शेकडो वर्षं नावाच्या गोंधळामुळे ब्लॉक झालेलं असेल!

श्राद्धाचं ताट हा आपल्या जेवणाचा जुना बॅकअप आहे. तो जपून ठेवावा, त्यातून बरंच कळतं. पण रोजच्या जेवणाला कुणी बॅकअप वापरत नाही. रोजचं ताट कायम उघडं राहिलं म्हणून ते चविष्ट झालं.

कुणी म्हणेल, ठीक आहे, भाज्या बाहेरच्या, पण फोडणी तर आपली? तिचाही लॉग बघू. हळद आपल्या बाजूची. ती बी धरत नाही, कंद लावूनच वाढते, त्यामुळे ती जिथे पोचली तिथे माणसांनीच नेली. लिंबू-संत्र्याच्या कुळाचं मूळ पूर्व हिमालयाच्या पायथ्याशी. तिळाचे जळके दाणे हडप्पात सापडलेत, आणि 'तेल' हा शब्द तिळावरूनच आला. इथपर्यंत ठीक. पण जिरं भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडचं. कोथिंबीरही त्याच दिशेची, तिचे धणे इजिप्तमध्ये तुतनखामेनच्या थडग्यातही सापडले आहेत. हिंग तर अफगाणिस्तान-इराणचा. शेकडो वर्षं आपण तो रोज खातोय आणि भारतात त्याचं पहिलं रोप पद्धतशीरपणे लावलं गेलं ते ऑक्टोबर २०२० मध्ये, हिमाचलमधल्या लाहौल खोऱ्यात! शेजारची बाजरीची भाकरी, संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगीला तीळ लावून करतो ती? बाजरी आफ्रिकेची, फक्त चार-एक हजार वर्षांपूर्वी आलेली.

थोडक्यात, इनिशियल कमिट सापडत नाही. जितकं मागे जावं तितकं आणखी कुणीतरी बाहेरून आलेलं दिसतं. 'आपलं' म्हणजे 'इथे उगम पावलेलं' अशी व्याख्या केली तर वाडग्यात काकडी, हळद आणि लिंबाचे चार थेंब राहतील. माझ्या मते 'आपलं' म्हणजे ज्याला आपण मीठ, आंबट आणि फोडणी दिली ते. ब्रोकोलीला हिंग-मोहरीची फोडणी देऊन दाण्याचं कूट घाला, लिंबू पिळा. शेजारच्या काकू तिला कोशिंबीरच म्हणतील. आणि कोबी-गाजरावर मेयोनीज घातलं तर त्याच काकू तिला कोशिंबीर म्हणणार नाहीत, जरी भाज्या त्याच असल्या तरी.

त्यामुळे काळजी करायचीच असेल तर ती लेट्यूसची करू नये. वारसा म्हणून जी गोष्ट खरोखर हातातून चाललीय ती म्हणजे फोडणी कधी, कशी आणि कशावर द्यायची याचं ज्ञान. मोहरी फेसता येणारी माणसं आपल्या पिढीत किती आहेत मोजून बघा. गाजर बारा महिने मिळतं, कोबी बारा महिने मिळतो, त्यामुळे थंडीत ते जास्त गोड का लागतात हा प्रश्नही आता पडत नाही. (गारव्यात या भाज्या आपल्यातली साखर वाढवतात, थंडीपासून बचाव म्हणून.) पदार्थ परदेशी झाला म्हणून मरत नाही, तो करायची रीत कुणी विचारली नाही की मरतो.

तर या हिवाळ्यात रोलबॅक करून बघा. दोन माणसांसाठी:

चमचाभर मोहरी खलात बारीक कुटा. दोन चमचे गार पाणी (गरम अजिबात नको, एन्झाइम मरेल) घालून फेस येईपर्यंत फेटा आणि दहा मिनिटं झाकून ठेवा. दही किंवा लिंबू या टप्प्यावर नको, आंबटाने एन्झाइम मंदावतं. तोवर दोन वाट्या कोबी केसासारखा बारीक चिरा, एक लाल गाजर किसा, छोटा मुळा आणि कांद्याची पात चिरा, मूठभर ओला हरभरा सोलून टाका. मिरची घालू नका, आजच्यापुरती. आता फेसलेली मोहरी अर्धी वाटी घट्ट दह्यात मिसळून भाजीवर घाला. चिमूटभर साखर, भाजलेल्या तिळाचं कूट, भरपूर कोथिंबीर. तेलात जिरं, हिंग, हळदीची फोडणी करून ती जरा निवली की वर ओता, गरम ओतली तर दही फुटतं. मीठ अगदी शेवटी, पानं वाढल्यावर. मीठ पेशींमधलं पाणी बाहेर ओढतं आणि करकरीतपणा गेला की सगळंच मुसळ केरात.

पहिला घास जरा जपून घ्या, मोहरी नाकात जाते.